फ्रान्स कशाला? चकलांब्याला चला!

ना हॉर्न, ना सिग्नल, ना ओव्हरटेक करणारी कॅब. फक्त तुम्ही, सायकल आणि ज्वारीच्या शेतातून जाणारा डांबरी रस्ता. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही, बीड जिल्ह्याचा नकाशा पुरतो!

जुलै महिना आला की ऑफिसातल्या सायकलवेड्या मंडळींचं कामातलं लक्ष उडतं. कारण एकच, टूर द फ्रान्स! हेलिकॉप्टरमधून घेतलेले ते शॉट्स आठवतात ना? सूर्यफुलांची पिवळीधमक शेतं, दगडी चर्चचा मनोरा, दोन्ही बाजूंना झाडं आणि मधून नागमोडी जाणारा चिंचोळा रस्ता. रेस संपते, पण तो रस्ता डोक्यातून जात नाही. सकाळी हिंजवडीच्या नाहीतर ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की हमखास मनात येतं, बॉस, एकदा तरी त्या रस्त्यावर सायकल चालवायची!

जरूर चालवा. पण व्हिसा, विमानाचं तिकीट आणि सायकलच्या बॉक्सचं एक्स्ट्रा लगेज यांचा हिशेब जुळेपर्यंत हातावर हात ठेवून कशाला बसायचं? तसे रस्ते आपल्याकडेही आहेत. ते कॅलेंडरवर छापले जात नाहीत, इतकंच. त्यातलाच एक पट्टा आहे चकलांब्याचा. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं, पोलिस ठाणं असलेलं हे गाव. कधी नाव ऐकलंय? नसेल तर उत्तमच. गर्दी नसण्याचं अर्धं कारण तेच आहे!

'डी' रोडचा फंडा

आधी फ्रान्सचं गुपित समजून घेऊ. तिथले खेड्यातले रस्ते एवढे शांत कसे? कारण गाड्यांना जायला दुसरी वाट आहे. लांबचा प्रवास करणारे टोल भरून 'ऑटोरूट'वरून सुसाट निघून जातात. मागे उरतात ते 'डी' रोड, म्हणजे तिथले जिल्हा मार्ग. त्यांची एकूण लांबी पावणेचार लाख किलोमीटरच्या पुढे जाते. गावाला गाव जोडणारे, शेताच्या बांधाबांधाने जाणारे हे रस्ते. टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीच्या नकाशात त्यातल्या देखण्या रस्त्यांच्या कडेला हिरवी रेघ असते. ती रेघ धरायची आणि पॅडल मारत सुटायचं.

सोबतीला कायदाही आहे. गावाबाहेर सायकलवाल्याला ओव्हरटेक करायचं तर मोटारीने किमान दीड मीटर अंतर सोडायचं, गावात एक मीटर. याच मातीत १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही राइड सुरू झाली. आज ती दर ४ वर्षांनी होते, १,२०० किलोमीटर आणि ९० तास! २०२३ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये. तिच्यासाठी पात्र व्हायचं तर आधी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या 'ब्रेव्हे' पूर्ण कराव्या लागतात. या ब्रेव्हे आता पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरातही होतात. म्हणजे फ्रान्सचं हे वेड आपल्याकडे कधीच येऊन पोचलंय. प्रश्न उरतो तो रस्त्यांचा.

आपले 'डी' रोड म्हणजे प्रजिमा!

रस्त्याच्या कडेच्या दगडावर 'प्रजिमा' किंवा 'इजिमा' अशी अक्षरं आणि पुढे आकडा कधी वाचलाय? प्रमुख जिल्हा मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग. त्याखालोखाल ग्रामीण मार्ग. हेच आपले 'डी' रोड. डिसेंबर २००० मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यातल्या कितीतरी पाणंद-पायवाटांवर डांबर आलं. २०१५ पासून राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना तिच्या जोडीला आली. ग्रामसडकेचा दगड ओळखायला सोपा, वरचा भाग केशरी रंगाचा. राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा. आपल्यासाठी सोपा नियम, पिवळा दिसला की पळ काढा, केशरी दिसला की वळा!

चकलांबा परिसरात हे गणित छान जमतं. तालुक्यातून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. कल्याणहून विशाखापट्टणमला जाणारा महामार्गही पाथर्डीकडून याच भागात येतो. ट्रक, लक्झरी, टँकर सगळे या दोन रस्त्यांवर. त्यांच्यामधल्या भागात राहतात ती गावं, शेतं आणि अधूनमधून दिसणारी एसटी.

एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला डोंगर

या भागाचा भूगोल म्हणजे सायकलिंगचं आयतं मेन्यू कार्ड! उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला बालाघाटच्या डोंगररांगा. चकलांबा या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात. सपाट राइड हवी? नदीकडे वळा. चढ हवा? डोंगराकडे.

नदीच्या बाजूला काळी कसदार जमीन. पैठणच्या जायकवाडी धरणातून निघालेला १३२ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा याच तालुक्यातून पुढे माजलगावकडे जातो. त्याचं पाणी पोचतं तिथे हिरवागार ऊस, जिथे पोचत नाही तिथे कापूस, तूर, बाजरी आणि थंडीत ज्वारी. त्यामुळे दर दोन-चार किलोमीटरला सीन बदलतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापसाची बोंडं फुटलेली असतात. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी निसवते आणि कणसांवर पाखरांचा दंगा सुरू होतो. सूर्यफुलांची पिवळी शेतं हवीत म्हणता? क्वचित करडईचा काटेरी पिवळा पट्टा मध्येच दिसून जातो. सकाळी लवकर निघालात तर शेतातून उड्या मारत जाणारी हरणंही दिसतील. कॅमेरा गळ्यात ठेवाच.

हुकमी राइड नंबर एक, राक्षसभुवन

नाव ऐकून घाबरू नका! गोदावरीच्या काठावरचं हे गाव शनीच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या पुस्तकात ते आपण सगळ्यांनी वाचलंय, फक्त परीक्षेनंतर विसरलोय. १० ऑगस्ट १७६३ ला इथे मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली. निजामाचं अर्धं सैन्य नदी ओलांडून पलीकडे गेलेलं, उरलेलं अलीकडच्या काठावर आणि नदीला पूर. या अलीकडच्या फौजेवर मराठे तुटून पडले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर या लढाईत मारला गेला. अडचणीत सापडलेल्या राघोबादादांच्या मदतीला धावले ते त्यांचे पुतणे माधवराव पेशवे. वय वर्षं १८! त्या वयात आपण बारावीचे मार्क मोजत होतो.

रस्ता जवळजवळ सपाट. नदीजवळ आलात की हवेतला गारवा लगेच कळतो. घाटावर बसा, बाटलीतलं पाणी प्या, पाय मोकळे करा. पात्रात उतरण्याचं साहस मात्र नको. वरती धरण आहे आणि विसर्ग सुटला की नदीचं रूप बघता बघता बदलतं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत गोदाकाठच्या गावांनी हे फार वाईट पद्धतीने अनुभवलं. शेतात पाणी आणि डोळ्यांतही पाणी. पावसाळ्यात जाणार असाल तर पूल आणि रस्ते सुरू आहेत का, हे गावात फोन करून किंवा एसटी स्टँडवर विचारूनच निघा.

राइड नंबर दोन, पैठण

ही दिवसभराची. उमापूर, पुढे शेवगाव तालुक्यातलं बोधेगाव आणि तिथून पैठणकडे. जिल्हा बदलतो, तसा बोलण्याचा हेलही बदलतो. पैठणला काय काय आहे ते सांगायलाच हवं का? एकनाथ महाराजांची समाधी, पैठणीचे माग आणि नाथसागर. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये धरण पूर्ण झालं. सुमारे १० किलोमीटर लांबीची भिंत आणि २७ दरवाजे! मागचं पाणी पक्षी अभयारण्य आहे. थंडीत रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, इथे मुक्कामाला येतात. तुम्हीही मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात परता.

राइड नंबर तीन, भगवानगड

मांड्यांमध्ये दम असेल त्यांच्यासाठी! बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर, खरवंडीजवळ भगवानगड आहे. संत भगवानबाबांचं हे स्थान ऊसतोड कामगारांचं श्रद्धास्थान आहे. रस्ता हळूहळू चढत जातो, शेवटी गिअर कमी करत करत वर पोचायचं. आल्प्स नाही, मान्य. पण दुपारच्या उन्हात चढलात तर आल्प्सची आठवण नक्की येईल! म्हणून सकाळीच चढा. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात बालाघाटात सीताफळं लगडलेली असतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. उतरताना पाटीवाल्या मावशींकडून दोन सीताफळं घ्या. फार भाव करू नका.

रस्ता इतका शांत का?

आता जरा थांबू. कारण इथली शांतता नुसती निसर्गाने दिलेली नाही.

डिसेंबरात या भागात सायकल चालवताना एक गोष्ट लक्षात येते. वाटेतल्या काही वस्त्यांवर, तांड्यांवर घरांना कुलपं असतात. ओट्यावर एखादी आजी आणि तिच्याभोवती दोन-तीन नातवंडं. मधल्या वयाची माणसं दिसतच नाहीत. ती गेलेली असतात ऊस तोडायला. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडावर जातात, ती परततात थेट उन्हाळ्याच्या तोंडावर. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आधीच घेतलेली 'उचल' फेडेपर्यंत पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. सोबत गेलेल्या मुलांची शाळा बुडते, मागे राहिलेली आजी-आजोबांकडे वाढतात.

गंमत म्हणजे (गंमत तरी कसं म्हणायचं?) फ्रान्समध्येही थोडंफार असंच घडलं. शेतीत यंत्रं आली, शहरात कारखाने आले आणि विसाव्या शतकात खेड्यातली तरुण पिढी गाव सोडून गेली. ईशान्येपासून नैर्ऋत्येपर्यंत विरळ वस्तीचा एक तिरका पट्टाच फ्रान्सच्या नकाशावर दिसतो. तिथले लोक त्याला चक्क 'रिकामा पट्टा' म्हणतात. आपल्याला टीव्हीवर जे देखणं, निवांत गाव दिसतं, त्यातल्या कितीतरी घरांच्या खिडक्या वर्षानुवर्षं बंद असतात. फरक एवढाच, तिथले गेले ते कायमचे गेले. इथले दरवर्षी जातात, दरवर्षी येतात आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा जातात.

म्हणून 'वॉव, किती शांत!' असा फोटो टाकताना हे डोक्यात असू द्या. अपराधी वाटून घ्यायची गरज नाही. पण आपल्याला जो रविवारचा निवांतपणा वाटतो, तो कुणाच्या तरी सहा महिन्यांच्या गैरहजेरीतून आलाय, हे माहीत असलेला सायकलस्वार आणि माहीत नसलेला सायकलस्वार यांच्या 'राम राम' म्हणण्यात फरक पडतो.

शंभर टक्के ट्रॅफिक-फ्री? नाही हो!

उगाच स्वप्नं विकायची नाहीत, त्यामुळे इथली वाहतूकही सांगून टाकतो. गाळप हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. गढी आणि बोधेगाव, दोन्हीकडे साखर कारखाने आहेत. ट्रॉलीला मागे दिवा असेलच याची खात्री नाही. गोदाकाठाला वाळूचे हायवा भेटू शकतात आणि ते कुणासाठी थांबत नाहीत. आवाज आला की सरळ साइडपट्टीवर उतरा, हिरोगिरी नको. दीड मीटरचा नियम इथे कुणी पाळत नाही.

बाकी ट्रॅफिक मजेशीर असतं. मेंढ्यांचा कळप रस्ता अडवून उभा असतो. हॉर्न नसल्यामुळे तुम्हाला मेंढपाळाशी बोलावंच लागतं. कुणी रस्त्यावरच तूर नाहीतर बाजरी वाळत घातलेली असते. तिच्यावरून जायचं नाही, कडेने जायचं. वस्तीवरची कुत्री मागे लागली तर सायकलवरून उतरून शांतपणे चालायला लागा. सायकल पळाली की ती पळतात, माणूस चालला की कंटाळतात. आणि सकाळी दहाच्या सुमाराला समोरून येतो तो सगळ्यात गोड ट्रॅफिक जॅम. दोन वेण्या, पाठीवर दप्तर, शाळेला निघालेल्या मुलींच्या सायकली! राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. आपल्यासाठी सायकल हा वीकेंड असतो, त्यांच्यासाठी दहावी पास व्हायचा रस्ता. त्यांना साइड द्या.

बाभळीचा काटा आणि फ्रेंच व्हॉल्व

कोणती सायकल न्यायची? हायब्रिड बेस्ट. रोडबाइक असेल तर टायर जरा रुंद, २८ ते ३२ मिलिमीटरचे. डांबर मध्येच उखडतं, मग खडी लागते. पण खरा व्हिलन खडी नाही, बाभळीचा काटा! बांधावरची बाभूळ तोडून रस्त्याने ओढत नेली की काटे मागे राहतात. दोन जादा ट्यूब, पॅच किट, टायर लिव्हर आणि पंप हवाच. टायरच्या आत लायनर टाकला तर उत्तम.

आणखी एक टीप. महागड्या सायकलींना बऱ्याचदा 'प्रेस्टा' व्हॉल्व असतो. त्याला फ्रेंच व्हॉल्वही म्हणतात. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप साध्या सायकलीचा आणि मोटारसायकलचा, फ्रेंच व्हॉल्वला तो चालत नाही. ३०-४० रुपयांचा पितळी ॲडॉप्टर खिशात ठेवला की प्रश्न मिटला. बाकी पंक्चर काढण्यात आपले मामा एक्सपर्ट असतात. पाण्याच्या परातीत ट्यूब बुडवली, बुडबुडा दिसला, सोल्यूशन लावलं, झालं!

खाणं-पिणं आणि प्रश्नोत्तरं

फ्रान्समध्ये राइडच्या मध्ये क्रोसाँ आणि कॉफी. इथे? स्टँडजवळच्या हॉटेलात कढईतून उतरलेली भजी, पोहे नाहीतर मराठवाड्याची खासियत असलेला कुरमुऱ्यांचा सुशीला. वर साखर जरा जास्तच घातलेला चहा. सायकल चालवणाऱ्याला साखर चालते! दुपारी ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. थंडीत गेलात आणि कुणी शेतात बोलावलं तर कोवळ्या ज्वारीचा हुरडा, गुळाचा खडा आणि लसणाची चटणी. शहराजवळ याच हुरड्याचं पॅकेज विकत घ्यावं लागतं.

चहा येईपर्यंत प्रश्न सुरू होतात. कुणीकडचे तुम्ही? एवढ्या लांबून सायकलवर? गाडी नाही का? आणि शेवटी हुकमी प्रश्न, कितीला पडली ही? सायकलची खरी किंमत सांगायची की नाही, हे तुम्ही ठरवा. ज्या गावात एका सीझनच्या उचलीचे हिशेब वर्षभर चालतात, तिथे लाखाची सायकल हा आकडा जरा हळूच उच्चारलेला बरा. काकांना एक चक्कर मात्र मारू द्या. बहुतेकांनी लहानपणी आडव्या दांड्याखालून पाय घालून सायकल चालवलेली असते. ते तुमच्यापेक्षा सफाईदार चालवतात!

निघण्याआधी एवढं करा

कधी जाल? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस उघडलेले सप्टेंबरचे दिवसही छान. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नाव काढू नका.

कसे जाल? पुण्याहून अहिल्यानगर-पाथर्डीमार्गे साधारण सव्वादोनशे किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरहून गेवराई १०० किलोमीटरच्या आत. सायकल गाडीवर लादून न्या, महामार्गावर चालवत नेऊ नका.

राहाल कुठे? गेवराई, पैठण किंवा बीडला.

किती वाजता? उजाडताना निघा, अकरापर्यंत सावलीत या. अंधारात राइड नको. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. हेल्मेट विसरू नका.

काय न्याल? पाण्याच्या दोन बाटल्या, सुटे पैसे, औषधांची छोटी पिशवी. नकाशा मोबाइलमध्ये आधीच डाउनलोड करा, मध्ये रेंज जाते. मुलींनो, पहिल्यांदा जाताय तर तीन-चार जणींचा ग्रुप करा आणि रूट घरी कळवून ठेवा. मुलांनो, तुम्हीही कळवा.

काय आणाल? रिकामे जेलचे पाउच आणि बिस्किटांचे पुडे, परत तुमच्या खिशातून. आणि काय ठेवून याल? थोडे पैसे. पाणी, चहा, फळं, जेवण सगळं गावातच घ्या. मॉलमधून भरलेला डबा नेऊन कडेला बसून खाल्ला, तर त्या रस्त्याला तुमच्या येण्याचा काय उपयोग?

फ्रान्सने शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या गावरस्त्यांवर सायकलवाल्यांची सवय लावली, तेव्हा कुठे तिथले मोटारवाले दीड मीटर लांबून जायला लागले. आपल्याकडे ही सवय कुणीतरी सुरुवात केल्याशिवाय लागणार नाही. ४-५ जणांचा ग्रुप, एक वीकेंड, केशरी दगडाचा रस्ता. येत्या शनिवारी मॉलची तिकिटं काढण्याआधी नकाशा उघडा आणि गेवराई तालुक्यावर बोट ठेवा. टायरमध्ये हवा भरलीये ना?